गणितात पीएचडी, अमेरिकेत: अर्जाचा खर्च किती, आशा किती?

अमेरिकेत गणिताच्या पीएचडीला प्रवेश मिळाला, की बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि पदवीच्या मुलांना शिकवण्याच्या बदल्यात विद्यावेतनही मिळतं. खिशाला चाट बसते ती त्याआधी, अर्ज भरताना.

एका अर्जाची फी साधारण ७५ ते १२५ डॉलर. ती परत मिळत नाही. सरासरी ९० डॉलर आणि डॉलरला ९० रुपये धरले, तर पंधरा अर्जांचे सव्वा लाखाच्या घरात जातात, आठांचे पासष्ट हजार. काही विद्यापीठं फी माफ करतात, पण त्यासाठी अर्ज पाठवण्याआधी विचारावं लागतं. टोफेल किंवा आयईएलटीएसला सतरा-अठरा हजार धरा. सर्वसाधारण जीआरई बहुतेक गणित विभाग आता मागतच नाहीत. क्लासवाले मात्र ती अजून गळ्यात मारतात.

गणिताची जीआरई वेगळी. तिची फी १५० डॉलर. बऱ्याच विभागांत ती ऐच्छिक आहे, तरी तुमच्या कॉलेजचं नाव तिकडे कुणी ऐकलेलं नसेल तर द्याच. नांदेड-लातूरकडच्या कॉलेजातले ८५ टक्के म्हणजे नेमके किती, हे प्रवेश समितीला उमगत नाही. या परीक्षेतला पर्सेंटाइल उमगतो. निम्मा पेपर कलनाचा असतो. एमएस्सीत टोपॉलॉजी गाजवलेली मुलं इथे साध्या इंटिग्रेशनला अडखळतात, तेव्हा बीएस्सीची वही बाहेर काढा.

आता आशेचं. 'तुमचे चान्सेस ६० टक्के' असं सांगणाऱ्या सल्लागाराला एक रुपयाही देऊ नये; तो आकडा हवेतला असतो. त्यापेक्षा विभागाच्या संकेतस्थळावर सध्याच्या पीएचडी विद्यार्थ्यांची यादी असते, ती उघडा. भारतातून आलेले किती, आणि कुठून? सगळे आयएसआय, सीएमआय, आयआयटीचेच असतील, तर तुमच्या कॉलेजातून तिथवरचा रस्ता अवघड आहे असं समजा. असे दोन अर्ज हौसेखातर करावेत, पाच नव्हेत. बाकीचे मोठ्या सरकारी विद्यापीठांकडे वळवा. तिथे शिकवायला माणसं जास्त लागतात, म्हणून जागाही जास्त. अर्थात २०२५पासून संशोधन निधीला कात्री लागल्याने काही विभागांनी जागा घटवल्या आहेत. खात्रीचं असं कुठलंच विद्यापीठ नसतं. तीन वर्षांची बीएस्सी अनेक ठिकाणी अपुरी ठरते. अट आधी वाचा, फी मग भरा.

सगळ्यात वजनदार गोष्टीला पैसे पडत नाहीत: तीन शिफारसपत्रं. 'विद्यार्थी हुशार, मेहनती व नम्र आहे' या पत्राने काहीच हलत नाही. 'माझ्याकडे गॅल्वा सिद्धान्त वाचला, अमुक प्रमेयाची सिद्धता स्वतः मांडली, आधी परदेशी गेलेल्या माझ्या विद्यार्थ्यांच्या तोडीचा आहे' हे पत्र मोजलं जातं. असं लिहू शकणारे प्राध्यापक कॉलेजात नसतील, तर एमटीटीएससारख्या गणिताच्या उन्हाळी शिबिरात गाठ पडते. शिबिराचा अर्ज मात्र पीएचडीच्या अर्जाच्या दीड-दोन वर्षं आधी करायला हवा. ओळख एका महिन्यात होत नाही.

गुणपत्रकांच्या सीलबंद प्रतींसाठी विद्यापीठाच्या खिडकीशी आत्ताच रांग लावू नका. अर्जाला बहुधा स्कॅन चालतं. मूळ प्रती प्रवेश मिळाल्यावर.

विद्यावेतनासह आलेला देकार स्वीकारायची मुदत साधारणपणे १५ एप्रिल. मग सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) ३५० डॉलर, व्हिसाचे १८५ आणि विमानाचं तिकीट. पहिलं विद्यावेतन हाती यायला सप्टेंबर उजाडू शकतो. तोवरचं घरभाडं आणि अनामत जवळ ठेवूनच निघा.