जर्मन घरात राहायला जाण्यापूर्वी

जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आता सर्वाधिक संख्या भारतीयांची आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात ती सुमारे ४९ हजार होती. यातले बहुतेक जण वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहतात. शालेय एक्स्चेंजवर जाणारी मुलं, भाषेचा कोर्स करणारे काही विद्यार्थी आणि ओ-पेअर म्हणून, म्हणजे यजमानांची मुलं सांभाळत त्यांच्याच घरी राहायला, जाणारे तरुण मात्र थेट एखाद्या जर्मन कुटुंबात दाखल होतात. पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात चांगल्या गुणांनी परीक्षा दिलेली मुलंही तिथे पहिल्या आठवड्यात अडखळतात. त्यांचं व्याकरण पक्कं असतं, अडतं ते जेवणाच्या टेबलावर.

आपल्याकडे पाहुण्यानं आधी ‘नको’ म्हणायचं, यजमानानं ‘अहो, एवढंसं घ्या’ म्हणायचं आणि तिसऱ्या आग्रहाला पानात वाढून घ्यायचं, ही रीतच आहे. जर्मन घरात ‘नको, धन्यवाद’ म्हटलं, की बटाट्यांचं भांडं शेजारच्याकडे सरकतं. पुन्हा कोणी विचारत नाही. यात यजमानांचा कंजूसपणा नसतो. समोरच्यानं सांगितलं ते त्यांनी खरं मानलेलं असतं. भिडेपोटी नको म्हणणारं मूल मग अर्धपोटी झोपतं आणि आईला फोनवर सांगतं, ‘इथं कुणी आग्रहच करत नाही गं.’ त्यातून अनेक घरांत रात्रीचं जेवण थंडच असतं. पाव, लोणी, चीज, काकडी, सॉसेज असं मांडलेलं असतं आणि ज्यानं त्यानं आपलं आपण घ्यायचं. गरम जेवण परंपरेनं दुपारी होतं. रात्री वरण-भात लागणाऱ्याला हे पहिले काही दिवस जेवण वाटतच नाही.

शाकाहारी मुलांच्या पालकांना वाटते तेवढी अडचण खरं तर येत नाही, कारण जर्मनीत शाकाहारी आणि वीगन माणसं पुष्कळ आहेत. मात्र अंडं चालतं का, मासे चालतात का, जिलेटिन घातलेल्या गोळ्या चालतात का, हे सगळं आधीच सांगून ठेवावं लागतं. ‘आम्ही शाकाहारी’ एवढं पुरत नाही. दारूबद्दलही पालकांनी आधी बोलून घ्यावं. तिथल्या कायद्यानं सोळाव्या वर्षापासून बीअर आणि वाइन विकत घेता येते. त्यामुळे घरातला मोठा मुलगा सगळ्यांसमोर बीअर पीत बसलेला दिसला, तर ते घर बिघडलेलं नसतं. आणि ‘मी घेत नाही’ असं एकदा सांगितलं की सहसा तिथंही आग्रह होत नाही.

बाथरूममध्ये बादली आणि मग नसतो. शॉवरच्या बाहेरच्या फरशीला पाणी जायला जाळीही बहुधा नसते. बाहेर सांडलेलं पाणी तिथंच मुरतं, त्यामुळे आंघोळीनंतर फरशी पुसायची आणि काचेवरचं पाणी रबरी पट्टीनं ओढून काढायचं. अनेक घरांत पुरुषांनीही कमोडवर बसूनच लघवी करावी अशी अपेक्षा असते. मुलग्यांना हे घरूनच सांगून पाठवलेलं बरं. ऐन थंडीतही दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवतात. बंद घरात दमटपणा साचला की भिंतींना बुरशी धरते. घर भाड्याचं असेल तर त्यावरून घरमालकाशी वाद होतात, म्हणून यजमान याबाबतीत काटेकोर असतात. फोडणी करायची तर आधी विचारून, स्वयंपाकघराचं दार लावून आणि एक्झॉस्ट चालू करून. हळदीचा हात पांढऱ्या ओट्याला लावू नये.

रविवारची विश्रांती तिथं राज्यघटनेनं जपलेली आहे. काही अपवाद सोडले तर दुकानं बंद असतात. गवत कापणं, भिंतीत ड्रिल मारणं, एवढंच काय, रिकाम्या काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या कंटेनरमध्ये टाकणंसुद्धा त्या दिवशी चालत नाही. रोज रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते. इथं पालकांनीही घड्याळ पाहावं. भारताची वेळ जर्मनीच्या हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असते. डिसेंबरात सकाळी नऊला आठवण येऊन लावलेला व्हिडिओ कॉल तिथं पहाटे साडेचारला वाजतो आणि पलीकडच्या खोलीतलं कुटुंब जागं होतं.

घरकामाची वाटणी तर सर्वांमध्ये होते. श्टुटगार्टच्या परिसरात अनेक इमारतींत जिना झाडण्या-पुसण्याची पाळी आठवड्यानुसार फिरते, आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. पाळी चुकली की शेजारी येऊन तोंडावर सांगतात. यजमान आईही सांगते, ‘काल तू भांडी मशीनमध्ये लावली नाहीस.’ मराठी मुलाला हा अपमान वाटतो आणि तो खोलीत जाऊन दार लावून बसतो. ती मात्र दहा मिनिटांनी त्याला कॉफीला हाक मारते, कारण तिच्या लेखी विषय संपलेला असतो. मुलानंही तितक्याच सरळपणे बोलायला शिकावं. खोली गार पडते, अभ्यासाला वेळ मिळत नाही, शनिवारी मित्रांकडे जायचं आहे, हे न सांगता यजमानांना कळेल अशी वाट पाहणारी मुलं कुढत बसतात. परदेशी राहताना सर्वांत जास्त नुकसान या न बोलण्यानं होतं.

ओ-पेअरबद्दल एजंट बरंच गोड बोलतात, म्हणून नियम माहीत हवेत. व्हिसाचा अर्ज करताना वय १८ ते २६ असावं लागतं आणि ए-वन पातळीचं जर्मन यावं लागतं. मुलं सांभाळणं आणि हलकं घरकाम मिळून आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास काम. दरमहा २८० युरो हातखर्च, स्वतंत्र खोली, आठवड्याला दीड दिवस सुट्टी, वर्षभराला चार आठवड्यांची रजा आणि भाषेच्या कोर्ससाठी यजमानांकडून दरमहा ७० युरो. विम्याचा खर्चही त्यांचाच. मुदत कमाल एक वर्ष. हा विद्यापीठाचा प्रवेश नाही. त्यासाठी पुढे पदवीची कागदपत्रं, एपीएस प्रमाणपत्र आणि गोठवलेल्या खात्यातले (ब्लॉक्ड अकाउंट) वर्षाचे ११,९०४ युरो वेगळे लागतात.

भाषा आणि माणसं कळण्यासाठी मात्र असं वर्ष फार मोलाचं ठरू शकतं. पुढे नोकरीतही त्याचा उपयोग होतो. महाराष्ट्र आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांनी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने आहेत. जर्मन सहकाऱ्याचं रोखठोक बोलणं मनाला लावून न घेता उत्तर देणारा तरुण अशा ठिकाणी उठून दिसतो.

जायच्या आधीचे दोन महिने मुलाकडून घरी संडास-बाथरूम धुवून घ्या, आठवड्यातून दोनदा स्वयंपाक करून घ्या. खासगी दायित्व विमा काढला आहे ना, ते तपासा. तिथं इमारतीची किल्ली हरवली तर सगळी कुलुपं बदलण्याचा खर्च अंगावर येऊ शकतो. मुलाला पाठवणाऱ्या संस्थेच्या तिथल्या स्थानिक प्रतिनिधीचा नंबर घरी लिहून ठेवा, कारण जुळलंच नाही तर कुटुंब बदलून मागता येतं. आणि यजमानांना पहिलं पत्र लिहायचं असेल, काय खातो, काय खात नाही, कशाची भीती वाटते, काय शिकायचं आहे, तर ते मुलालाच लिहू द्या, जर्मनमध्ये, चुका झाल्या तरी.