वार्धक्यातील मांसक्षय आणि आहारातील प्रथिने

मांसधातूचे कार्य केवळ शरीराला पुष्टता देणे एवढेच नाही. उठणे, बसणे, तोल सांभाळणे, पडण्यापासून बचाव करणे आणि दीर्घ आजारातून सावरणे ही सर्व कामे त्यावर अवलंबून असतात. चरकसंहितेत मांसक्षयाच्या लक्षणांत नितंब, मान व उदर यांच्या शुष्कतेचा विशेष उल्लेख आहे. आधुनिक वैद्यकात वार्धक्यातील या अवस्थेला ‘सार्कोपेनिया’ ही संज्ञा १९८९ मध्ये मिळाली.

क्षय का होतो?

मांसपेशींतील प्रथिने सतत मोडत व नव्याने घडत असतात. आहारातील प्रथिनांपासून अमायनो आम्ले मिळतात. त्यांपैकी ल्युसीन हे नवनिर्मितीस विशेष चालना देते. वय वाढले की त्याच मात्रेला पेशींचा प्रतिसाद कमी होतो. त्यामुळे वृद्धाला प्रत्येक भोजनात तरुणापेक्षा अधिक प्रथिने लागतात, परंतु अग्निमांद्य, दातांचा अभाव व एकाकीपणा यांमुळे तो प्रत्यक्षात कमीच खातो. स्त्रोतसांचे पोषण होण्यासाठी द्रव्य आणि अग्नी दोन्ही हवेत, हा आपला सिद्धांत येथे तंतोतंत लागू पडतो.

किती हवे?

भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढास दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी होतात. वृद्धांसाठी २०१३ नंतरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटांनी १ ते १.२ ग्रॅम सुचविले आहे.

नाशिक परिसरातील ५० किलो वजनाच्या वृद्धेचा नेहमीचा आहार उदाहरणादाखल पाहू. बाजरीच्या दोन भाकरी (पीठ १२० ग्रॅम) यांतून सुमारे १३ ग्रॅम, ५० ग्रॅम तांदळाच्या भातातून ४, ३० ग्रॅम तूरडाळीच्या वरणातून ६.५ आणि चहातील १५० मिली दुधातून ५, असे एकूण सुमारे २९ ग्रॅम होतात. गरज किमान ५० ग्रॅमची आहे. म्हणजे पोट भरलेले असूनही २१ ग्रॅमची उणीव राहते.

ही उणीव भरण्यास महागडा डबा लागत नाही. ३० ग्रॅम मटकीची उसळ (६ ग्रॅम), एक मोठा पेला म्हणजे २५० मिली दूध (८ ग्रॅम) आणि ३० ग्रॅम शेंगदाण्याचे कूट (७ ग्रॅम) एवढे पुरते. मिसळीच्या निमित्ताने मटकी आपल्या शहरात घरोघरी परिचित आहे, तर जिल्ह्याच्या पश्चिम भागात नागलीच्या भाकरीला उडीद वा हुलग्याची जोड देता येते. नागलीत चुना भरपूर असला तरी प्रथिने सुमारे ७ टक्केच आहेत. धान्य व डाळ एकत्र घेतल्याने दोहोंतील अमायनो आम्लांची उणीव परस्परांत भरून निघते. अंडी चालत असल्यास एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम मिळतात.

पथ्याविषयी सावधगिरी

येथे चिकित्सकाची जबाबदारी येते. ज्वर वा अतिसारात दिलेली पेज व मुगाचे कढण योग्यच असतात, परंतु अग्नी सुधारल्यावर संसर्जन पुढे न्यावयाचे राहून गेले, तर तेच पथ्य महिनोन्‌महिने चालू राहते आणि क्षयास कारण होते. प्रत्येक चिठ्ठीवर पथ्याची मुदत लिहावी. उपवासाला केवळ साबुदाणा किंवा भगरीवर राहणाऱ्या वृद्धांना दूध, ताक व कूट यांची जोड सुचवावी. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात.

उडीद गुरू आहे. मंदाग्नीत तो एकदम न देता मूग, मसूर व ताक यांपासून आरंभ करावा व हिंग, जिरे, आले यांचा संस्कार करावा. एकाच वेळी न देता मात्रा तिन्ही भोजनांत विभागावी.

व्यायामाशिवाय केवळ प्रथिनांनी मांस वाढत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे हा घरी करता येणारा व्यायामही आहे आणि परीक्षाही. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषानुसार पाच वेळा उठण्यास १२ सेकंद वा अधिक लागल्यास, किंवा पोटरीचा घेर पुरुषांत ३४ व स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास, पुढील तपासणी करावी. टेप आणि घड्याळ प्रत्येक चिकित्सालयात असते.

औषधविक्रेत्यांसाठी

प्रथिनांची पावडर मागणाऱ्या ग्राहकास प्रथम त्याचा आहार विचारावा. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी अशी पूरके टाळण्याचा सल्ला दिला आहे. डब्यावर अन्नसुरक्षा परवाना क्रमांक, प्रत्येक मात्रेतील प्रथिने व साखर पाहावी. अश्वगंधेवर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७ पुरुषांच्या अभ्यासात आठ आठवड्यांत बळ वाढलेले दिसले, तथापि ते सर्व नियमित व्यायाम करीत होते. औषध आहार व व्यायामाची जागा घेत नाही.

वृक्कविकार असलेल्या, डायलिसिस न घेणाऱ्या रुग्णांत वाढीव प्रथिने हानिकारक ठरू शकतात. अशा रुग्णांत सीरम क्रिएटिनिन पाहून वृक्कतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय मात्रा वाढवू नये. जलद वजन घटणे, सूज वा गिळण्यास त्रास असल्यास मूळ व्याधीचा शोध आधी घ्यावा.

वृद्ध रुग्ण कृश होत चालला की त्यास वयाचा दोष म्हणून सोडून देण्याची प्रथा आहे. नाडी पाहताना त्याच्या ताटाचीही चौकशी झाली, तर पडून होणारे कित्येक अस्थिभंग टळू शकतील.