गळालेलं शिंग दिसलं, तर

सांबर आणि चितळाचे नर साधारण दरवर्षी आपली शिंगं टाकतात आणि नवी वाढवतात. बुलढाणा जिल्ह्यात ती शोधायची, तर ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेचा बोथ्याकडचा डोंगराळ भाग आणि संग्रामपूर तालुक्यातलं अंबाबरवा, हे दोन मुलूख डोळ्यांसमोर ठेवा. अंबाबरवा मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतं. सांबरासाठी तिकडेच बघावं.

निघण्याआधी कायदा समजून घ्या. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपोआप गळालेलं शिंगही सरकारी मालमत्ता आहे. ते घरी नेणं, भिंतीवर लावणं किंवा औषधासाठी विकणं हा गुन्हा ठरतो. “आम्ही मारलं नाही, सापडलं” ही सबब चालत नाही, आणि गावोगाव हाच गैरसमज घट्ट बसलाय. अभयारण्यात परवानगीशिवाय पायी उतरायचं नाही. वनविभागाच्या माणसासोबत जा, नाहीतर जंगलाला लागून असलेल्या आपल्या शेतापुरतंच बघा.

हंगाम मार्च ते मेचा धरा. सांबराची शिंगं बहुधा याच काळात पडतात आणि पानगळीमुळे जमीनही उघडी असते. चितळाला ठरावीक महिना नाही. मात्र याच दिवसांत मोहफुलांवर अस्वलं येतात आणि या जिल्ह्यात अस्वलांचे हल्ले नवे नाहीत. म्हणून पहाटे किंवा सांजेला, आणि एकट्याने, कधीच जाऊ नका. ऊन चांगलं वर आलं की निघा.

आता शोध. सगळं रान पालथं घालण्यात अर्थ नाही, जनावराची वाट धरा. पाणवठ्यावर ओल्या मातीत खूर उमटलेले असतात. तिथून निघालेली पायवाट कुठे नाला ओलांडते, कुठे खाली झुकलेल्या फांदीखालून जाते, कुठे शेताच्या कुंपणाशी येते, ते बघा. शिंग सैल झालेलं असलं की उडीच्या हिसक्याने किंवा फांदीला अडकून पडतं. दुपारी बसण्याच्या सावलीच्या जागा आणि सांबरं जिथे चिखलात लोळतात त्या जागाही बघा. पाचोळ्यात शिंग सागाच्या वाळक्या फांदीसारखं दिसतं, म्हणून फांदीच्या आकारापेक्षा टोकांची गुळगुळीत चमक शोधा. दोन्ही शिंगं एकाच वेळी पडतात असं नाही. एक मिळालं, तर दुसरं त्याच वाटेवर पुढेमागे असू शकतं.

सापडलं की हात लावू नका. शेजारी पट्टी किंवा पाण्याची बाटली ठेवून वरून, बाजूने आणि बुंध्याचा, असे फोटो काढा. फोनवरून जागेचे अक्षांश-रेखांश टिपा. जाड, खडबडीत शिंग सांबराचं असतं. बारीक, नितळ आणि मागे झुकून वर वळलेलं चितळाचं. कडेला दातांच्या समांतर खाचा असतील, तर साळिंदराने ते कुरतडलंय. शिंग म्हणजे हाडच, आणि त्यातलं कॅल्शियम साळिंदराला, उंदरांना आणि कधी हरणांनाही लागतं. शिंग जागेवर राहिलं पाहिजे असं मला वाटतं, ते कायद्याइतकंच या कारणानेही. नोंद बीटच्या वनरक्षकाला द्या. कुठला नर कुठे वावरतो याचा तो जिवंत पुरावा असतो. अजाणता उचलून आणलं असेल, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याकडे कळवून जमा करा.

बुंधा मात्र नीट निरखायलाच हवा. आपोआप गळालेल्या शिंगाचा बुंधा भरीव, खडबडीत आणि किंचित फुगीर असतो. त्याला कवटीचा तुकडा चिकटलेला असेल किंवा करवतीची सपाट कड दिसत असेल, तर ते गळालेलं नाही. पोकळ शिंगाचंही तसंच. रोही, काळवीट, चिंकारा आणि चौसिंगा शिंगं टाकत नाहीत, म्हणजे ते जनावर मेलेलं आहे. अशा वेळी पुढे शोधत जाऊ नका, आसपास तारेचे फास लावलेले असू शकतात. आल्या वाटेनेच मागे फिरा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.