पाचवे शील आणि दारूत अडकलेला माणूस



पंचशील आपण सर्वजण म्हणतो. लग्नात म्हणतो, नामकरणाला म्हणतो, पुण्यानुमोदनाला म्हणतो, १४ एप्रिलला तर हजारोंच्या आवाजात म्हणतो. त्यातील पाचवे शील सुरा, मेरय आणि मज्ज यांपासून दूर राहण्याचे आहे. सुरा म्हणजे पीठ, तांदूळ आंबवून केलेली दारू. मेरय म्हणजे फुले, फळे, गूळ यांच्यापासून केलेली. आणि मज्ज म्हणजे मद आणणारे जे जे काही असेल ते. म्हणजे मोहाची चालते पण विलायती चालत नाही, किंवा बिअर ही दारूच नव्हे, असल्या पळवाटा अडीच हजार वर्षांपूर्वीच बंद झालेल्या आहेत.

परंतु या शिलातील खरा वजनदार शब्द त्यानंतरचा आहे. तो म्हणजे पमादट्ठान, प्रमादाचे ठिकाण. मराठीत प्रमाद म्हणजे चूक. पालीत त्याचा अर्थ बेसावधपणा, स्मृती सुटणे असा आहे. दारू विटाळाची वस्तू आहे म्हणून ती सोडा, असे तथागतांनी सांगितलेले नाही. सोवळ्याओवळ्याचा येथे संबंधच नाही. स्मृती सुटली की उरलेली चार शिले पाळणारा माणूसच जागेवर राहत नाही, म्हणून दारू वर्ज्य. आणि शेवटी येतो तो शब्द सिक्खापद. शिक्षा म्हटले की आपल्याला दंड आठवतो, छडी आठवते. येथे शिक्षा म्हणजे शिक्षण. शील ही वरून आलेली आज्ञा नव्हे, तो स्वतः स्वीकारलेला शिकण्याचा नियम आहे. हा फरक नीट ध्यानात ठेवावा, कारण दारू सुटण्याच्या कामी पुढे तोच उपयोगी पडतो.

धम्मदीक्षेपूर्वी आपल्या वस्त्यांत दारू ही केवळ व्यसनाची गोष्ट नव्हती. मरीआई, म्हसोबापुढे तिची धार पडे, सोयरिकीत ती लागे, मयतीत ती लागे, जातपंचायतीचा दंडही पुष्कळदा दारूतच फिटे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे भाषण केले, तेव्हा नवरा असो वा मुलगा असो, दारू पिऊन आलेल्याला जेवायला घालू नका, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची आहे. देव टाकणे आणि दारू टाकणे ही एकाच दिवशी घेतलेली प्रतिज्ञा होती. आमच्यापैकी पुष्कळांनी देव टाकले, पण गटारी अमावास्या मात्र टाकली नाही, हे कटू असले तरी खरे आहे. आणि हा दोष केवळ झोपडपट्टीतला आहे असे समजणाऱ्या शिकलेल्या बांधवांनी संध्याकाळी परमिट रूममध्ये बसलेली आपलीच माणसे मोजून पाहावीत.

आता प्रश्न असा, की ज्याने प्रतिज्ञा घेतली आणि तरी ज्याची दारू सुटत नाही, त्याचे काय करायचे? विहारात त्याला दोन वागणुकी मिळतात. काही जण त्याला हाकलतात. काही जण त्याच्याकडे डोळेझाक करून वर्गणी घेतात. दोन्ही वागणुकी धम्माला धरून नाहीत. विनयपिटकातील सागत स्थविरांची हकिकत येथे पाहण्यासारखी आहे.

सागत हे मोठे सामर्थ्यवान भिक्खू होते. अंबतित्थ येथे एका भयंकर नागाला त्यांनी नमवले, अशी कथा आहे. नाग म्हणजे साप की नाग कुळातील माणूस, हा वाद येथे बाजूला ठेवू. त्यांची कीर्ती कोसंबीला पोहोचली. उपासकांनी विचारले, या भिक्खूंना दुर्मिळ असे काय द्यावे? सहा जणांच्या एका खट्याळ भिक्खूमंडळाने सांगितले, निवळ मद्य द्या. झाले! सागत भिक्षेला निघाले तेव्हा घरोघर मद्य तयार. प्रत्येक घरी त्यांनी ते घेतले आणि नगराच्या वेशीजवळ कोसळले. तथागतांनी भिक्खूंकडून त्यांना उचलून विहारात आणवले. भिक्खूंनी त्यांचे डोके तथागतांकडे करून निजवले, तर ते शुद्धीवर नसताना वळले आणि त्यांचे पाय तथागतांकडे झाले. तथागतांनी भिक्खूंना विचारले की, जो सागत माझ्याशी इतक्या आदराने वागत असे तो आता तसा वागतो आहे काय? ज्याने नागाला नमवले तो आता पाण्यातल्या बिनविषारी सापाला तरी आवरू शकेल काय? आणि मग मद्यपानाविरुद्धचा नियम झाला.

या नियमाची जागा कोणती आहे, हे पाहावे. तो पाचित्तियांतील एक्कावन्नावा नियम आहे. ज्या अपराधाने भिक्खू संघातून कायमचा बाहेर पडतो तो पाराजिक. पाचित्तिय म्हणजे कबुली देऊन ज्याचे निवारण होते असा अपराध. म्हणजे नियमात सूट नाही, पण माणसाला दारही बंद नाही. अट्ठकथा सांगते की शुद्धीवर आल्यावर सागतांनी क्षमा मागितली आणि पुढे ते अर्हत् झाले. संयुत्तनिकायात कपिलवत्थूच्या सरकानी शाक्याचीही गोष्ट आहे. तो दारू पिणारा होता म्हणून त्याच्या मृत्यूनंतर, त्याला स्रोतापन्न कसे म्हणता, अशी कुरकुर शाक्यांनी केली. तथागतांनी ती मानली नाही. मरणसमयी त्याने शिक्षा पूर्ण केली होती, असे त्यांनी महानामाला सांगितले.

म्हणून पिणाऱ्याला पापी ठरवण्याआधी त्याच्या शरीरात काय चालले आहे, ते समजून घेऊ. दारूचे व्यसन हा आजार आहे, असे अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनेने १९५६ साली मान्य केले. आपल्या धम्मदीक्षेचेच ते वर्ष. दारू मेंदूला मंद करते. रोज मंदावणारा मेंदू जागा राहण्यासाठी उलट जोर लावायला शिकतो. मग पूर्वी जेवढ्यात चढे तेवढ्यात चढत नाही, पावशेराची अर्धा शेर होते. सकाळी हात थरथरतात आणि ते थांबवण्यासाठी घोट लागतो. पिऊ नये हे कळत असते, पोर उपाशी आहे हे दिसत असते, तरी पाय गुत्त्याकडे वळतात. धम्माच्या भाषेत याला तृष्णा म्हणावे. अशा माणसाला ‘तुला इच्छाशक्ती नाही’ म्हणणे म्हणजे मलेरियाच्या रोग्याला ‘तू थंडी वाजू देतोस’ म्हणण्यासारखे आहे.

थोडा हिशेब करू. विलायती दारूच्या १८० मिलिलिटरच्या बाटलीत, जिला सगळे क्वार्टर म्हणतात, ४२.८ टक्के मद्यार्क धरला तर सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम जाळते. रात्री दहा वाजता क्वार्टर संपवणाऱ्याच्या रक्तात पहाटे पाचला रिक्षा काढताना दारू असू शकते. त्याला मात्र वाटते की झोप झाली, उतरली. हे रोज चालले की यकृतावर चरबी चढते, पुढे सूज येते, शेवटी ते आकसून कडक होते. पोटात पाणी होते, डोळे पिवळे पडतात, अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते. स्वादुपिंड सुजते. क्षयरोग अशा शरीराला लवकर गाठतो. दारू कर्करोग उत्पन्न करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच नोंदवले आहे. हातभट्टीचा धोका निराळा. तिच्यात मिथेनॉल मिसळले असेल तर माणूस आंधळा होतो किंवा मरतो. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत अशाच दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. सिगालोवाद सुत्तात दारूचे जे सहा तोटे सांगितले आहेत, धननाश, कलह, रोग, अपकीर्ती, लाज सुटणे, बुद्धीची हानी, त्यांपैकी एकही आज जुना झालेला नाही.

यापुढचा भाग कृपया घरात मोठ्याने वाचून दाखवावा. विजयादशमीला दीक्षाभूमीवर किंवा गावच्या विहारात भावनेच्या भरात पुष्कळ जण शपथ घेतात, आजपासून थेंब घेणार नाही. जो अधूनमधून पितो त्याला यात धोका नाही. पण जो अनेक वर्षे रोज भरपूर पितो, सकाळीही पितो, त्याने एका दिवसात दारू तोडली तर ती जिवावर बेतू शकते. आधी सांगितलेला मेंदूचा तो उलटा जोर मोकळा सुटतो. पहिल्या दिवशी कापरे, घाम, ओकाऱ्या; पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते; दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे हाका मारतात, ताप चढतो, माणूस घरच्यांना ओळखत नाही. शेजारी म्हणतात बाहेरचे झाले, आणि बौद्धाच्या घरात भगत येतो. भगत नको, लिंबू नको, ‘एक घोट द्या म्हणजे शांत होईल’ हेही नको. ताबडतोब सरकारी रुग्णालय गाठा आणि माणूस किती प्यायचा व शेवटची केव्हा प्यायला, हे डॉक्टरांना खरे सांगा. डॉक्टर काही दिवस मेंदू शांत ठेवणारी औषधे देऊन ती हळूहळू कमी करतात आणि ब-१ जीवनसत्त्व देतात. त्याच्या अभावी स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. शपथ जरूर घ्यावी, पण अशा माणसाने आधी डॉक्टरांना दाखवावे.

दुसरी सूचना भगिनींसाठी. ‘नवऱ्याला न कळत चहातून द्या, दारू सुटेल’ अशा पुड्यांच्या जाहिराती भिंतींवर दिसतात. डायसल्फिराम नावाचे खरे औषध आहे; ते घेऊन दारू प्यायल्यास चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, प्रसंगी मृत्यूही येतो. म्हणून ते रोग्याला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. चोरून कधीही देऊ नये.

आणि मार खाऊन गप्प बसणे ही करुणा नव्हे. त्याच्या साहेबाला ‘ते आजारी आहेत’ असा निरोप पाठवणे, त्याची उधारी फेडणे, रात्री उचलून आणून सकाळी काही झालेच नाही असे वागणे, याने त्याची दारू लांबते. महाडच्या उपदेशाचा अर्थ माणसाला उपाशी मारा असा नसून, त्याच्या पिण्याची सोय तुम्ही करू नका असा मला वाटतो.

दारू तुटली म्हणजे काम संपले नाही. देशात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीत दारूचा घातक वापर करणारे ५.७ कोटी लोक आढळले, आणि दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच काही उपचार मिळालेला होता. पुण्याला १९८६ साली सुरू झालेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, बहुतेक जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे, १४४४६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे. शिवाय अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए.ए. ही १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनी सुरू केलेली संघटना आहे. तिच्या सभा मराठीतही भरतात. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, आणि जात त्यामुळे कळत नाही.

ए.ए.बद्दल आपले बांधव एक शंका काढतात आणि ती रास्त आहे. तिच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो; देव न मानण्याची प्रतिज्ञा घेतलेल्याने तेथे कसे बसावे? पण तेथे ज्याला जसा समजेल तसा, अशी मोकळीक ठेवलेली आहे. अनेक निरीश्वरवादी त्या सभेलाच आपल्याहून मोठी शक्ती समजून दारूमुक्त राहिलेले आहेत. आपल्यापाशी तर संघ ही कल्पना मुळातच आहे. एकटा मी हरलो, चार जणांत बसून सावध राहतो, एवढेच त्यात आहे. यात प्रतिज्ञा मोडते असे मला वाटत नाही. ए.ए.मध्ये फक्त आजचा दिवस न पिण्याचे ठरवतात. आपणही शील जन्मभरासाठी एकदाच घेऊन कपाटात ठेवत नाही; प्रत्येक वंदनेला नव्याने घेतो. सिक्खापद ते हेच.

आठ महिने कोरडा राहिलेला माणूस मयतीच्या रात्री पुन्हा पितो, असे पुष्कळदा घडते. त्या वेळी ‘कुत्र्याचे शेपूट’ म्हणणारे खूप भेटतात. आजार उलटला आहे. पहिल्या दिवशी जे केले तेच पुन्हा करावयाचे. डॉक्टर, सभा, वंदना.

आपल्या विहाराचे दार रविवारी सकाळी उघडते आणि बहुधा आठवडाभर बंद असते. दारू प्यावीशी वाटण्याची वेळ संध्याकाळी सहा ते नऊची. विहार समितीने त्या वेळी एक खोली, एक सतरंजी आणि चहाची किटली एवढे दिले, आणि दारू सोडलेल्या एखाद्या उपासकाकडे किल्ली दिली, तर सभा पुढच्या आठवड्यापासून सुरू होऊ शकेल. पगाराच्या दिवशी मात्र दार नऊऐवजी अकरापर्यंत उघडे ठेवावे.