जंगलातलं काम : मोळीच्या पुढे काय?



यावल, चोपडा, शिरपूर, साक्री भागातल्या बैठकीत जंगलाचा विषय निघाला की मोळी आणि रोजाने खड्डे खोदणं, एवढंच बोललं जातं. पण जंगलात पोटापाण्याच्या आणखी वाटा आहेत. त्यातल्या तीन समजून घेऊ.

१. वनरक्षक : ही सरकारी, पगारी नोकरी आहे. बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय लागतो. आदिवासी उमेदवाराला दहावी पास चालते. महिलांना ३० टक्के आरक्षण आहे. लेखी परीक्षेनंतर मुलींना ३ किलोमीटर धावावं लागतं. म्हणून मुलगी सकाळी पळायला निघाली तर "लोक काय म्हणतील" म्हणून तिला अडवू नका.

२. वनोपज : मोह, चारोळी, डिंक, मध, तेंदूपत्ता, बांबू. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावर जगणाऱ्या आदिवासी आणि पारंपरिक वननिवासी कुटुंबांना हे गोळा करून विकण्याचा हक्क दिला आहे. इमारती लाकूड त्यात येत नाही. एकटीने पाटीभर मोह नेला तर भाव व्यापारी ठरवतो. गटाने वाळवून, निवडून, वजन करून एकत्र विकला तर भाव आपल्यालाही बोलता येतो.

३. रोपवाटिका आणि कूपकाम : लाकूडतोड फक्त मंजूर कुपातच होते. महाराष्ट्रात जंगल कामगार सहकारी संस्थाही हे काम करतात. "कागद माझ्याकडे आहे, तुम्ही फक्त तोडा" असं कोणी म्हणालं, तर कागद बघितल्याशिवाय कुऱ्हाड उचलू नका. विनापरवाना तोड हा गुन्हा आहे, आणि पकडला जातो तो मजूर. हजेरीपटावर आपलं नाव आहे का, तेही बघा.

जंगल राहिलं तरच ही कामं राहतील. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने उजाड झालेलं जंगल गावानेच नियम करून राखलं. तिथे वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते, त्यात बायकांचं रानभाज्यांचं ज्ञान सगळ्यांसमोर येतं. या कामात पुढाकार घेणाऱ्या चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

पुढच्या बैठकीत यावर बोला :
• आपल्या वनहक्क समितीत एक तृतीयांश बायका आहेत का? त्यांना बैठकीला बोलावतात का?
• गटातल्या कोणाच्या मुली दहावी-बारावीला आहेत?
• यंदा कोणतं वनोपज आपण एकत्र विकू शकतो?

उत्तरं गटाच्या वहीत लिहून ठेवा. मी आले की त्यावरूनच पुढचं ठरवू.