साखर शोधणारे आणि तळं शोधणारे

पुण्यात विद्यापीठात डिजिटल मार्केटिंग शिकत होतो. शेवटच्या सत्राच्या प्रकल्पासाठी मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या धामापूरच्या काकीचा होमस्टे निवडला. दोन खोल्या, मागे पोफळी, आणि पायी निघालं की जवळच तळं. तिथे जे शिकलो ते असं:

१. जाहिरात लावण्याआधी गावाचं नाव एकदा गूगलवर शोधून बघावं. मी बघितलं नाही. पहिल्या आठवड्यात क्लिक धो धो आले, फोन एकही नाही. लोकांनी काय शोधलं होतं त्याची यादी उघडली, तर निम्मेअधिक साखरेचे ग्राहक! उत्तर प्रदेशात बिजनौर जिल्ह्यात धामपूर आहे, तिथली साखर प्रसिद्ध. इंग्रजीत दोन नावांत एका अक्षराचा फरक, आणि गूगल स्पेलिंगच्या चुका उदार मनाने पोटात घालतं. संगमेश्वर तालुक्यातही एक धामापूर आहे, ते वेगळंच. मग ‘शुगर’, ‘मिल’, ‘शेअर’ हे शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये, म्हणजे ज्या शोधांना जाहिरात दाखवायची नाही त्या यादीत, टाकले आणि जाहिरात मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगावपुरती ठेवली. वर्गात या विषयाला अर्धा तास मिळाला होता. माझे साडेसातशे रुपये गेले.

२. बटणं पाठ करू नयेत. १ जुलै २०२३ ला गूगलने जुन्या अ‍ॅनालिटिक्समध्ये नवी नोंद घेणं थांबवलं. आमच्या नोट्समध्ये मात्र जुन्याच स्क्रीनचे फोटो होते.

३. आलेख खाली आला म्हणजे जाहिरात फसली, असं नाही. जूनमध्ये आमची रेघ कोसळली. गटातल्या मित्राने लगेच ‘कंटेंट बदलू या’ म्हणून मेसेज टाकला. त्याला सांगितलं, बाबा, समुद्र खवळलाय, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद आहेत, तू कंटेंट बदलून काय करणार? काकी तर मिरगाआधीच गाद्या गुंडाळून माळ्यावर टाकते.

४. मोठा शब्द वापरताना तो कोणी दिला ते लिहावं. धामापूरचा तलाव १५३० चा. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी तो गावकऱ्यांच्या मदतीने बांधला. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आणि जलनिस्सारण आयोगाने त्याला ‘जागतिक वारसा सिंचन संरचना’ म्हणून मान्यता दिली. मी ठळक अक्षरांत लिहिलं, ‘जागतिक वारसा तलाव’. एक निवृत्त इंजिनिअर पाहुणे ओटीवर बसून म्हणाले, “युनेस्कोच्या यादीत तर दिसत नाही.” काकीने माझ्याकडे बघितलं. “लिवतंस तर नीट लिव रे.” त्या रात्री आयोगाचं पूर्ण नाव टाकलं. मथळा लांबला, देखणा राहिला नाही. गंमत म्हणजे त्या पानावर वाचक सर्वांत जास्त रेंगाळायचे ते दंतकथेपाशी: परडीत फुलं ठेवून तळ्यात सोडली की लग्नाला दागिने मिळत, आणि कोणीतरी ते परत केले नाहीत तेव्हा मिळणं थांबलं. ही दंतकथा आहे, हेही मी तिथे लिहून ठेवलं.

५. याच गावात सचिन आणि मीनल देसाई यांचं ‘स्यमंतक’ आहे. त्याला ते जीवन शिक्षण विद्यापीठ म्हणतात. भर पदवीवर नाही, हाताने करून शिकण्यावर. शाळेत असताना त्या नावाचं मला हसू यायचं. साडेसातशे रुपये गेल्यापासून येत नाही.

६. पाहुणा कुठून आला हे त्यालाच विचारावं. सॉफ्टवेअर क्लिकला श्रेय देतं, आणि आमच्याकडे शेवटी फोनच येतो. म्हणून काकीच्या वहीत एक रकाना आखला, ‘कोणी सांगितलं?’ काकीने तो मनापासून भरला. सर्वांत जास्त वेळा लिहिलं होतं, ‘कुडाळचो रिक्षावालो’. माझ्या जाहिरातीची नोंद चार वेळा, त्यातल्या एकीपुढे प्रश्नचिन्ह.

अहवालाला ती पानं तशीच जोडली. परीक्षकांनी विचारलं, “हा रिक्षावाल्याचा मार्ग वाढवायचा कसा?” काकी दर मे महिन्यात त्याच्या घरी एक बरका फणस पाठवते, एवढंच मी सांगू शकलो.