बाळाची गोधडी आणि आपला एसी

झेन क्लस्टर असो, मोगल असो की कॅक्टस, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या मराठी घरात बाळ येणार म्हटलं की भारतातून एक मोठी बॅग येतेच. बॅगेबरोबर आईही येते किंवा सासूबाई तरी येतात. अर्धी बॅग अळीव आणि डिंकाच्या लाडवांनी भरलेली, आणि उरलेल्या अर्ध्या बॅगेत बाळंतविडा: झबली, लंगोट, टोपडी, कुंची, जुन्या धोतराची मऊसूत दुपटी, मोहरीची उशी आणि तळाशी, घडी घालून, पणजीच्या नऊवारीची धावदोऱ्याने शिवलेली गोधडी.

यातलं काय बाळाच्या झोपेसाठी वापरायचं आणि काय नाही, यावरून घरोघरी जे शीतयुद्ध चालतं ते आम्ही आयांनी आपापल्या घरी अनुभवलंय. डॉक्टरांना विचारून, वाचून आणि मुख्य म्हणजे चुका करून जे कळलं ते पुढच्या आयांसाठी इथे लिहीत आहोत.

आधी आजीची बाजू. नवजात बाळाला ऊब हवी, हे तिचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. बाळाचं अंग लहान, चरबी कमी, थंडीत त्याचं अंग झपाट्याने गार पडतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. 1999 साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. गावातल्याच बाईला प्रशिक्षण देऊन जंतुसंसर्गावर उपचार, स्तनपानाला मदत, बाळाला उबदार ठेवणं अशी कामं तिच्याकडे दिली होती. हजार जिवंत जन्मांमागे 62 असलेले नवजात बालमृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत 25 च्या आसपास आले. आज देशभरातल्या आशाताईंच्या पिशवीत वजनकाटा आणि थर्मामीटरसोबत बाळासाठी ब्लँकेटही असतं, ते याच कामाच्या पुढच्या वाटचालीत. कौलारू घर, डिसेंबरची पहाट, कमी वजनाचं बाळ, अशा ठिकाणी पांघरूण हे औषधच आहे.

पण आपलं घर तसं नाही. बाहेर जुलैत 43 अंश आणि आत आपण भिंतीवरचा आकडा 20 वर ठेवून बसतो. मग बाळाचे हात गार लागतात, म्हणून दुपटं. त्यावर शाल. आजीचा जीव राहत नाही म्हणून वर गोधडी. मध्यरात्री बाबांना उकडतं की एसी आणखी दोन अंश खाली! आमच्या एका घरात हा खेळ आठवडाभर चालला आणि बाळाच्या मानेवर, पाठीवर घामोळं उठलं, तेव्हा कुठे प्रकाश पडला. थंडी आपणच तयार करायची आणि तिच्यावर पांघरूणही आपणच घालायचं, यापेक्षा एसी 24 वर न्यावा.

गोधडीने फक्त घामोळं येत असतं तर आम्ही एवढं लिहिलं नसतं. सैल पांघरूण बाळाच्या तोंडावर आलं तर दोन-तीन महिन्यांच्या बाळाला ते हाताने बाजूला सारता येत नाही. आतल्या आत तोच श्वास पुन्हा पुन्हा घेतला जातो. शिवाय अंग फार तापणं आणि झोपेत अचानक होणारे बालमृत्यू यांचा संबंध संशोधनात दिसलेला आहे. म्हणून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलंय की बाळाची झोपायची जागा सपाट आणि टणक हवी. गादीवर घट्ट बसणारी एक चादर, आणि बाकी काही नाही. उशी नको, लोड नको, रजई नको, कडेचे मऊ बंपर नकोत, खेळणीही नकोत.

बाळाला उताणं झोपवणं ही गोष्ट मात्र आपल्याकडे पूर्वीपासून होती, हे आजींना आवर्जून सांगा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत बाळाला पालथं झोपवायचा सल्ला कित्येक वर्षं दिला जात होता. ब्रिटनने 1991 मध्ये आणि अमेरिकेने 1994 मध्ये 'पाठीवर झोपवा' अशी मोहीम काढली. ब्रिटनमध्ये असे अचानक मृत्यू तेव्हापासून 80 टक्क्यांहून जास्त कमी झाले. आजीचं बरोबर होतं म्हटलं की पुढचं बोलणं सोपं जातं, हा आमचा अनुभव!

पुढचं बोलणं म्हणजे मोहरीची उशी. डोकं गोल व्हावं म्हणून ती वापरतात, त्यामागे प्रेमच आहे. पण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2022 च्या नोव्हेंबरात डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नका, अशी सूचनाच काढली. उशीने गुदमरण्याचा धोका वाढतो, फायदा सिद्ध झालेला नाही. त्याऐवजी बाळ जागं असताना, आपण समोर बसून, त्याला थोडा वेळ पालथं खेळवावं. एक दिवस डोकं कॉटच्या या टोकाला, एक दिवस त्या टोकाला ठेवलं की उजेडाकडे बघताना मान दोन्हीकडे वळते. टोपडं आणि कुंचीही घरात झोपताना काढायची. बाळ डोक्यातून बरीच उष्णता बाहेर टाकतं, आणि टोपडं सरकून नाकावर येतं. गळ्यातला काळा दोरा रात्री नको, हे वेगळं सांगायला नको.

मग पांघरायचं काय? घालायची पिशवी. इंग्रजीत तिला स्लीपसॅक म्हणतात. बाह्या नसलेला, खालून बंद असा सैल झगाच तो. तोंडावर येत नाही, लाथेने निघत नाही. तिच्या लेबलवर 'टॉग' असा आकडा असतो. कापड किती ऊब धरून ठेवतं याचं ते माप. साधारणपणे 24 ते 27 अंशांच्या खोलीला 0.5 टॉग, 21 ते 24 ला 1 टॉग, आणि 2.5 टॉग 20 च्या खाली. कंपनीगणिक थोडा फरक असतो, तेव्हा लेबल वाचावं. दुबईत 2.5 टॉगची पिशवी विकत घेणं म्हणजे पैसे वाया. डिसेंबर-जानेवारीतसुद्धा आमच्यापैकी कुणालाही 1 टॉगच्या वर जावं लागलं नाही. ब्रिटिश पुस्तकांत खोली 16 ते 20 अंश ठेवा असं लिहिलेलं असतं, ते तिथल्या घरांसाठी. ते वाचून इथे एसी 18 वर नेऊ नका. आपल्याला एका साध्या सुती कपड्यात बरं वाटेल अशी खोली आणि बाळाला आपल्यापेक्षा फार तर एक थर जास्त, हा हिशोब पुरतो. एसीचा झोत थेट कॉटवर येत असेल तर कॉट सरकवा.

"अगं, हात बघ किती गार पडलेत!" हे वाक्य रोज ऐकावं लागेल. तेव्हा शांतपणे म्हणायचं, "आई, हात नका बघू, मानेमागे हात लावून बघा." हातपाय गार असणं नवजात बाळाला स्वाभाविक आहे. मान आणि छाती उबदार, कोरडी असली की झालं. घाम असेल तर एक थर काढा. बाळ दिवसांआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल तर मात्र ही सगळी गणितं बदलतात, तिथे डॉक्टर सांगतील तेच.

दुपटी? ती हवीतच, आठ-दहा तरी. बाळाला गुंडाळायला मलमलीसारखं कापड नाही. कमी पडली तर बर दुबईत मीना बाजारात मीटरवर सुती मलमल मिळते, घरी शिवून घ्या. गुंडाळताना छातीवर फार आवळू नका, आणि पाय बेडकासारखे दुमडता येतील एवढी जागा खाली ठेवा. पाय सरळ ओढून बांधल्याने खुब्याचा सांधा बिघडू शकतो. बाळ कुशीवर वळायची धडपड करायला लागलं की गुंडाळणं त्याच दिवशी बंद.

आपल्यापैकी अनेकजण स्टुडिओत राहतात, त्यामुळे बाळाची वेगळी खोली वगैरे प्रश्नच नाही. हे चांगलंच आहे. निदान पहिले सहा महिने बाळ आईबाबांच्याच खोलीत, पण स्वतःच्या कॉटवर असावं असंच सांगतात. रात्री पाजताना डोळा लागेल अशी भीती असेल तर सोफ्यावर बसू नका, सोफा सगळ्यात धोक्याचा. त्यापेक्षा पलंग बरा, तोही उशा-रजया दूर सारून, आणि जाग आली की बाळ परत कॉटवर. उन्हाळ्यात बदली होऊन जाणारी कुटुंबं कॉट देऊन जातात, जरूर घ्या. फक्त गादी आणि कठड्यामध्ये दोन बोटांहून जास्त फट नको, आणि एक बाजू खाली सरकणारी जुनी कॉट असेल तर नको म्हणा. तशा कॉट अमेरिकेत 2011 पासून विकायला बंदी आहे.

राहिली गोधडी. बारशाच्या दिवशी ती पाळण्यात जरूर अंथरा, फोटो काढा, आणि बाळ झोपलं की काढून घ्या. पुढे जमिनीवर, बाळ जागं असताना पालथं खेळवायला तिच्यासारखं अंथरूण नाही.

आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंनी तर दोन दिवस रुसून झाल्यावर आणलेल्या दुपट्यांतूनच झोपायची पिशवी शिवून दिली, पुढे चेन लावून. तुमच्याकडे कुणी शिवणार असेल तर बेतताना गळ्याचा घेर बाळाच्या डोक्याच्या घेराहून नीट लहान ठेवायला सांगा, नाहीतर बाळ आत सरकतं. बंद, नाड्या, लोंबणारी बटणं काहीही नको.